आवाज बंद, गुण सुरू : जुन्या बॉक्सिंग लढतींच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

वाद जुनाच. मामांना विचारा, अलीनंतर बॉक्सिंग झालंच नाही. धाकट्या मावसभावाला विचारा, जे आकड्यांत मावत नाही ते घडलंच नाही. आणि मी गेली कित्येक वर्षं एकच रडगाणं गातोय, की ६ एप्रिल १९८७ ला शुगर रे लेनर्डविरुद्धच्या लढतीत मार्विन हॅगलरला लुटलं.

काल जेवताना पुन्हा तेच सुरू झालं तेव्हा वहिनी वैतागली. "या लढती तुम्ही पूर्ण कधी पाहिल्या आहेत? पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत?" तिघंही गप्प. मामांनी अली-फ्रेझरची पहिली लढत एकदाच सलग पाहिलीय, तीही मधे डुलकी काढून. धाकट्याचा सगळा कारभार हायलाइट्सवर. हॅगलर-लेनर्ड मी मात्र पूर्ण पाहिली होती आणि फेरीगणिक गुणही लिहिले होते. तो कागद कुठल्यातरी वहीत असणार.

तेव्हा ठरलं ते असं. दर शनिवारी एक लढत, अथपासून इतिपर्यंत. समालोचन बंद, प्रेक्षकांचा आवाजही बंद. प्रत्येकाचा कागद वेगळा. फेरी संपली की गुण लिहायचे, नंतर खाडाखोड नाही. जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, एकदा खाली पडला तर ८. निकाल आम्हा तिघांना पाठ आहेत, त्याला इलाज नाही. वहिनीला ते माहीत नाहीत, म्हणून तिला बसवायचं. तिने बरीच वर्षं कराटेच्या स्पर्धांत पंच म्हणून काम केलंय. बॉक्सिंगमधली तिला दोनच नावं ठाऊक, अली आणि टायसन.

शेवटी आमची 'सर्वांत थोर लढती' अशी एक यादी निघेल, असा बेत.

५ जानेवारी

पहिलीच अडचण भाषेची. मामा म्हणतात, "पंच चुकला." धाकटा विचारतो, ठोसा चुकला की माणूस? आता नियमच केला : ठोशाला ठोसा, रिंगमधल्याला रेफरी, बाहेर बसून गुण देणाऱ्याला जज. 'पंच' शब्द फक्त वहिनीसाठी राखीव.

११ जानेवारी

अली विरुद्ध फ्रेझर, ८ मार्च १९७१, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. सुरुवात हिच्याने करायची हा मामांचा हट्ट.

दोघंही अपराजित, अलीच्या ३१ लढती आणि फ्रेझरच्या २६. सैन्यात जायला नकार दिल्यामुळे अलीची साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली होती, आणि परतल्यावर ही त्याची तिसरीच लढत. प्रत्येकाला २५ लाख डॉलर, त्या काळात न ऐकलेली रक्कम. त्या वेळी न्यूयॉर्कमध्ये गुण फेऱ्यांनुसार, म्हणजे कुणी किती फेऱ्या जिंकल्या एवढेच, मोजत, म्हणून आम्हीही आजपुरते तसेच मोजले.

आवाज नसल्याने एक गोष्ट ठळक दिसली. फ्रेझरचा ठोसा बसला की अली प्रेक्षकांकडे बघून मान हलवतो, 'छे, काही झालं नाही' अशा थाटात. समालोचनासकट पाहताना मी त्याला हसत आलोय. आज वहिनी शांतपणे म्हणाली, "ज्याला लागत नाही तो सांगत बसत नाही." पुढे तिने ती मानेची खूणच मोजायला घेतली. अलीने मान हलवली की तिच्या कागदावर फ्रेझरच्या नावापुढे एक रेघ.

अकराव्या फेरीत अलीचे पाय गेले. दोरांपासून मागे मागे झुलत, लटपटत त्याने ती फेरी कशीबशी काढली. त्यातलं किती खरं आणि किती सोंग, हे फ्रेझरलाही कळलं नसावं. आणि पंधराव्या फेरीतला तो लेफ्ट हूक, म्हणजे बाजूने वळून येणारा डावा ठोसा. फ्रेझर आधी गुडघ्यात वाकतो, ठोसा जवळजवळ जमिनीवरून उचलून आणतो. अली पाठीवर पडतो, बुटांचे लाल गोंडे हवेत उडतात. आणि लगेच उठतो. मी ही जागा शंभरदा पाहिली असेल. पण चौदा फेऱ्या पाहून झाल्यावर ती आली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की चमत्कार त्या ठोशाचा नाही, उठण्याचा आहे.

कागद : वहिनी ९-६ फ्रेझर. मी ९-६ फ्रेझर. धाकटा ८-६, एक बरोबरी, फ्रेझर. मामा ८-७ फ्रेझर. मामा बराच वेळ स्वतःच्याच कागदाकडे पाहत होते.

१२ जानेवारी

मामांचा फोन, सकाळी सातला. त्यांचं पाठ केलेलं वाक्य असं की "त्या एका ठोशाने अली हरला, नाहीतर जिंकलीच होती." रात्रभर त्यांनी हिशेब केला होता. प्रत्यक्षातली कार्डं, म्हणजे अधिकृत गुणपत्रकं, फ्रेझरच्या बाजूने ८-६-१, ९-६ आणि ११-४. आता पंधरावी फेरी अलीला देऊन टाकू. पहिलं कार्ड ७-७-१, बरोबरी. दुसरं ८-७, तिसरं १०-५, दोन्ही फ्रेझरचीच. म्हणजे तो ठोसा नसता तरी निकाल तोच. "इतकी वर्षं मी हे बोलत आलो आणि एकानेही बेरीज करून दाखवली नाही," मामा म्हणाले. राग माझ्यावर.

१८ जानेवारी

हॅगलर विरुद्ध हर्न्स, १५ एप्रिल १९८५, सीझर्स पॅलेस, लास व्हेगास. सगळी मिळून जेमतेम आठ मिनिटं, त्यामुळे दोनदा पाहिली.

पहिल्या फेरीचे गुण द्यायला आम्हाला फेरीपेक्षा जास्त वेळ लागला. हर्न्सचा उजवा हात याच फेरीत मोडला, हॅगलरचं कपाळ याच फेरीत फाटलं, आणि दोघांपैकी एकानेही तीन मिनिटांत मागे पाऊल म्हणून घेतलं नाही. तिसऱ्या फेरीत रेफरी रिचर्ड स्टील हॅगलरला डॉक्टरांकडे नेतो. डॉक्टर जाऊ देतात. त्यानंतर हॅगलरची चालच बदलते. लढत रक्तामुळे थांबवली गेली तर विजेतेपदाचा पट्टा जाणार हे त्याला कळलंय. मिनिटाभरात हर्न्स पाठमोरा धडपडत जातो, कोसळतो, उठतो, आणि स्टील त्याला मिठीत घेतो.

धाकट्याचा आक्षेप : "थरार मान्य, पण थोर कशावरून? वरखाली काही झालंच नाही." मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. वहिनीला हीच सगळ्यात आवडली. कारण विचारलं तर म्हणाली, "गुण द्यायचं काम लवकर संपलं."

२५ जानेवारी

हुलिओ सेसार चावेझ विरुद्ध मेल्ड्रिक टेलर, १७ मार्च १९९०, लास व्हेगास.

आज कडाक्याचं भांडण झालं. टेलर १९८४ चा ऑलिंपिक सुवर्णविजेता, अपराजित. चावेझही अपराजित. अकरा फेऱ्या टेलरचे हात इतके जलद चालतात की चावेझ उभ्या उभ्या पाऊस झेलतोय असं वाटतं. गुण टेलरला देत जायचे, दुसरं काही करताच येत नाही. पण प्रत्येक फेरीनंतर टेलरचा चेहरा बघा. ओठ सुजत जातो, डोळे मिटत जातात. जिंकणारा माणूस फेरीगणिक विद्रूप होतोय आणि हरणाऱ्याचा चेहरा जवळपास जसाच्या तसा. गुणांच्या कागदावर या गोष्टीसाठी रकाना नाही.

बाराव्या फेरीच्या अखेरीस उजव्या हाताचा ठोसा, टेलर कोपऱ्यात पडतो. उठतो. स्टील (हा पुन्हा तोच!) त्याला विचारतो. टेलर उत्तर देत नाही, त्याची नजर कॉर्नरकडे, म्हणजे आपल्या मदतनिसांच्या कोपऱ्याकडे, जिथे त्याचा प्रशिक्षक रिंगच्या कडेवर चढून आलाय. स्टील दोन्ही हात हलवून लढत थांबवतो. घड्याळात २ मिनिटं ५८ सेकंद. दोन सेकंद उरले होते.

तोपर्यंतची कार्डं टेलरच्या बाजूने १०७-१०२ आणि १०८-१०१, तर एक चावेझच्या बाजूने १०५-१०४. शेवटची फेरी चावेझला १०-८ धरली तरी दोन जज टेलरचेच राहतात. दोन सेकंद उभा राहता तर जिंकला असता.

मामा : लूट. धाकटा : लूट. मी : रेफरीचं काम घड्याळ बघायचं नाही. यावर मामा म्हणाले, "कोपऱ्यातला लाल दिवा लागला होता, शेवटच्या दहा सेकंदांचा. आंधळा होता का तो?" आम्ही वहिनीकडे पाहिलं. तिने चित्रफीत मागे नेली, टेलर उठतो तिथे थांबवली आणि विचारलं, "मी याला 'ठीक आहेस का' असं विचारलं, आणि हा दुसरीकडे बघतोय. तुम्ही काय कराल?" मग स्वतःच म्हणाली, "दिवा मला दिसला असता तरी मी थांबवली असती. आणि घरी जाऊन झोपले नसते."

टेलरच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं, रक्तही खूप गिळलं गेलं होतं. त्यानंतर तो पूर्वीचा टेलर राहिला नाही. दोन सेकंदांवर एवढं बोललं जातं, त्याआधीच्या अकरा फेऱ्यांवर कुणी बोलत नाही, आणि माझ्या मते नुकसान तिथे झालं होतं.

जाता जाता एक गंमत धाकट्याने काढली. किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ ला अलीने फोरमनला आठव्या फेरीत नॉकआउट केलं, त्याचीही अधिकृत वेळ २ मिनिटं ५८ सेकंद. त्या दोन सेकंदांबद्दल आजवर कुणी हुं की चूं केलेलं नाही.

१ फेब्रुवारी

आज काही नाही. लेनर्ड-हर्न्स (१९८१) लावली, तर मिळालेल्या चित्रफितीत नववी फेरी गायब आणि दहावी दोनदा. सातव्या फेरीपासून धाकट्याला शंका होती, तो बोलला नाही. तिथेच उठलो.

८ फेब्रुवारी

पर्नेल व्हिटकर विरुद्ध चावेझ, १० सप्टेंबर १९९३, सॅन अँटोनिओचा अलामोडोम. चावेझ ८७ विजय आणि शून्य पराभव घेऊन आलेला.

ही लढत यादीत घ्यायला मामांचा विरोध होता. "त्यात आहे काय? एक मारतो, दुसरा चुकवतो." बरोबर. पण चुकवणं बघा की! व्हिटकर डावखुरा, गुडघ्यात इतका खाली बसतो की चावेझचा ठोसा त्याच्या केसांवरून जातो, आणि वर येताना जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, घेऊनच येतो. पाचव्या फेरीत मी एक प्रयोग केला. फक्त चावेझच्या खांद्यांकडे पाहत बसलो. ठोसा सुटायच्या आधी खांदा किंचित उचलला जातो, आणि तेवढ्यात व्हिटकर तिथून गेलेला असतो. तीन-चार वेळा तर चावेझने उचललेला खांदा तसाच परत खाली घेतला. मारायला समोर कुणी नव्हतंच.

आवाज बंद असल्याचा फायदा आज सर्वांत जास्त झाला. स्टेडियम चावेझच्या चाहत्यांनी भरलेलं होतं. मी नंतर एक फेरी आवाजासकट पाहिली. ग्लोव्हजवर आदळलेल्या ठोशालाही अशी गर्जना उठते की आपला हात आपोआप चावेझच्या रकान्याकडे जातो.

आमचे चारही कागद व्हिटकरचे, सगळ्यात कमी फरक मामांचा, तोही चार गुणांचा. प्रत्यक्षात दोन जजनी ११५-११५ दिले, तिसऱ्याने ११५-११३ व्हिटकर. म्हणजे बरोबरी. लुटलं कुणाला हा प्रश्न इथे तरी सुटला. पण 'थोर लढत' म्हणायची का? मामा म्हणतात नाही. मी म्हणतो थोर मुष्टियोद्धा, लढत साधी. हा फरक आम्ही आजवर कधी केलाच नव्हता. हॅगलर-हर्न्सबद्दल धाकटा जे म्हणत होता ते उलट्या बाजूने हेच असावं.

१५ फेब्रुवारी

आरॉन प्रायर विरुद्ध आलेक्सिस आर्ग्वेयो, १२ नोव्हेंबर १९८२, मायामीचं ऑरेंज बोल.

तेरा फेऱ्या असा वेग मी दुसऱ्या कुठल्या लढतीत पाहिलेला नाही. आर्ग्वेयो उंच, सरळ, मोजूनमापून मारणारा. प्रायर म्हणजे अंगावर चालून येणारं वादळ. तेराव्या फेरीत आर्ग्वेयोचा उजवा ठोसा प्रायरच्या हनुवटीवर असा बसतो की प्रायरची मान छताकडे जाते. आणि तो पुन्हा पुढेच येतो. वहिनीने पेन खाली ठेवलं. चौदाव्यात प्रायर त्याला दोरांवर गाठतो. किती ठोसे पडले ते आम्ही मोजायला गेलो आणि तिघांचे आकडे तीन आले. आर्ग्वेयो खाली सरकतो आणि कितीतरी मिनिटं तसाच पडून राहतो.

आज नियमाचं पितळ उघडं पडलं. लढत संपल्यावर धाकटा म्हणाला, बाटलीचं काय? तेराव्या-चौदाव्या फेरीच्या मधे प्रायरच्या कॉर्नरमधून त्याचा प्रशिक्षक पनामा लुइस दुसरी बाटली मागतो, आपण स्वतः मिसळलेली, आणि हे टीव्हीच्या मायक्रोफोनने पकडलंय. त्या बाटलीत काय होतं ते कधीच सिद्ध झालं नाही, लढतीनंतर तपासणीच झाली नव्हती. वर्षभराच्या आत याच लुइसने दुसऱ्या एका बॉक्सरच्या ग्लोव्हजमधलं अस्तर काढल्याचं प्रकरण उघड झालं. आवाज बंद ठेवून आम्ही ती मागणी ऐकलीच नव्हती. निःपक्षपाती व्हायला गेलो आणि पुरावा गाळून बसलो.

नियमात दुरुस्ती : फेरी चालू असताना आवाज बंद, मधल्या मिनिटात चालू.

१६ फेब्रुवारी

रात्री झोप लागली नाही म्हणून तारखा चाळत बसलो, आणि जे मला आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं.

प्रायर-आर्ग्वेयो १२ नोव्हेंबर १९८२, चौदाव्या फेरीत थांबली. दुसऱ्या दिवशी, १३ नोव्हेंबरला, लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनी विरुद्ध दक्षिण कोरियाचा किम डुक-कू. तीही चौदाव्या फेरीत थांबली. किम काही दिवसांनी वारला. त्यानंतर जागतिक बॉक्सिंग कौन्सिलने विजेतेपदाच्या लढती १५ वरून १२ फेऱ्यांवर आणल्या, आणि पुढच्या काही वर्षांत इतर संघटनांनीही.

पहिली लढत बहुतेक प्रत्येक 'सर्वांत थोर' यादीत असते, दुसरी कुठेच नसते. मॅन्सिनी-किम मी पूर्वी पाहिली आहे. मधल्या फेऱ्यांत तीही तितकीच अटीतटीची, डोकं डोक्याला लावून चाललेली. किम वाचला असता तर आम्ही एखाद्या शनिवारी ती लावली असती आणि मामांनी "काय लढला!" म्हणून मांडीवर थाप मारली असती.

मग मी आमची मूळ यादी काढली आणि लाल पेनने खुणा केल्या. जो लुइस-बिली कॉन, १९४१ : कॉन पुढे होता, तेराव्यात नॉकआउट. मार्सियानो-वॉलकॉट, १९५२ : वॉलकॉट पुढे, तेराव्यात. लेनर्ड-हर्न्स, १९८१ : तिन्ही कार्डांवर हर्न्स पुढे, चौदाव्यात थांबली. मनिला, १९७५, अली-फ्रेझरची तिसरी लढत : चौदाव्यानंतर प्रशिक्षक एडी फचने फ्रेझरला उठूच दिलं नाही. हे सगळं बाराव्या फेरीनंतरचं. आम्हाला ज्यासाठी या लढती आवडतात ती जागा बरोबर तीच आहे, जी किमनंतर नियमातून कापून टाकली.

हे मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय, पाहू नये का?" मी म्हटलं, तसं नाही. कसं, ते मात्र मला सांगता आलं नाही.

२२ फेब्रुवारी

आज लढत नाही, माणूस. शुगर रे रॉबिन्सन.

सर्वांत थोर कोण या प्रश्नाला जाणकार बहुधा हेच नाव देतात. पेच असा की वेल्टरवेट वजनगटातला, ऐन भरातला रॉबिन्सन चित्रफितीवर जवळपास नाहीच. फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाकडून पहिली हार, आणि त्यानंतर थेट जुलै १९५१ पर्यंत, लंडनमध्ये रँडी टर्पिनसमोर उभा राहीपर्यंत, एकही पराभव नाही. या आठ वर्षांतला जो माणूस सगळ्यांत थोर म्हणायचा, तो आपण पाहिलेलाच नाही. जो दिसतो तो पुढचा, त्यावरच्या मिडलवेट गटातला, उतरणीकडे निघालेला.

ती उतरणही पाहावी अशी. १ मे १९५७, शिकागो, पाचवी फेरी, जीन फुलमर. रॉबिन्सन मागे सरकताना डावा हूक मारतो. मागे जाणाऱ्या माणसाच्या ठोशात जोर नसतो असं शिकवतात. फुलमर, ज्याला तोवर कुणी नॉकआउट केलं नव्हतं, मोजणी संपेपर्यंत उठत नाही. रॉबिन्सनला छत्तीस पूर्ण व्हायला दोन दिवस बाकी होते. आम्ही ती जागा संथ गतीने आठ-दहा वेळा पाहिली. मागचा पाय टेकतो, कंबर वळते, हात शेवटी येतो. वहिनी उठून उभी राहिली आणि आरशासमोर तसं करून पाहू लागली. मामांनी आपली खुर्ची मागे घेतली.

मामांनी मग जून १९५२ ची जोई मॅक्सिमविरुद्धची लढत काढली. यँकी स्टेडियममध्ये जवळपास ४० अंश उकाडा. दहाव्या फेरीनंतर रेफरीच गळून गेला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही कार्डांवर पुढे होता, पण चौदाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठू शकला नाही. "त्याला मॅक्सिमने नाही, उन्हाने हरवलं," मामा म्हणाले. लढत रात्रीची होती, हे धाकट्याने लगेच दाखवून दिलं.

धाकट्याचा पुढचा प्रश्न खरा अवघड. हॅरी ग्रेबचं काय? तीनशेच्या आसपास लढती, जीन टनीला कारकिर्दीतली एकमेव हार देणारा (मे १९२२), तीही एका डोळ्याची दृष्टी गेलेली असताना. त्याच्या लढतींची एक फूटही चित्रफीत उरलेली नाही. आमच्या नियमाने त्याला गुणच देता येत नाहीत. त्याचं नाव एका वेगळ्या पानावर लिहिलं. पानाला शीर्षक नाही.

१ मार्च

डिएगो कोरालेस विरुद्ध होसे लुइस कास्तियो, ७ मे २००५. दहाव्या फेरीत कोरालेस दोनदा पडला. दोन्ही वेळा दातांवरचं माउथगार्ड बाहेर. ते धुऊन परत बसवण्यात त्याला उसंत मिळाली, दुसऱ्या वेळी रेफरीने एक गुणही कापला. दोन नॉकडाउन आणि एक दंड म्हणजे त्या क्षणी फेरी १०-६. आमच्यापैकी कुणीही आजवर ६ हा आकडा लिहिलेला नव्हता. धाकट्याने तो लिहायला पेन टेकवलं, आणि तेवढ्यात कोरालेसचा उजवा, मग डावा, आणि कास्तियो दोरांवर, हात खाली, नजर हरवलेली. थांबवली. धाकट्याच्या कागदावर अर्धवट ६ तसाच आहे.

ती माउथगार्डची उसंत म्हणजे लबाडी का, यावर तासभर. वहिनी : "हो. आणि दंडही झाला. मग हिशेब मिटला." या लढतीनंतर बरोबर दोन वर्षांनी, ७ मे लाच, कोरालेस मोटारसायकल अपघातात गेला.

८ मार्च

मामांनी आठवण करून दिली की आज अली-फ्रेझरची तारीख. परत लावायची का? नको, म्हणाले.

१५ मार्च

अखेर हॅगलर विरुद्ध लेनर्ड. रेफरी, अर्थातच, रिचर्ड स्टील.

माझी फिर्याद थोडक्यात. हॅगलर १९७६ नंतर हरलेला नव्हता. लेनर्ड पाच वर्षांत एकदाच रिंगमध्ये उतरला होता. बारा फेऱ्या, मोठी रिंग, जाड ग्लोव्हज, सगळं लेनर्डच्या मागणीप्रमाणे. आणि लढताना लेनर्डने प्रत्येक फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात दिखाऊ सरबत्ती करून जजना भुलवलं. कार्डं : ११५-११३ हॅगलर, ११५-११३ लेनर्ड, आणि तिसरं ११८-११० लेनर्ड. ते तिसरं कार्ड आठवलं की माझं डोकं आजही तापतं. हॅगलर त्यानंतर पुन्हा कधी लढला नाही.

पाहताना हाताला घाम होता. हॅगलर पहिल्या फेऱ्यांत डावखुरा न उभा राहता उजव्या बाजूने का लढला, देव जाणे. त्या फेऱ्या फुकट गेल्या. नवव्या फेरीत मात्र दोघांनी सगळं ओतलं.

संपल्यावर बेरीज : ११५-११३, हॅगलर. मी कागद टेबलावर आपटला. आवाज बंद ठेवून, प्रामाणिकपणे, तोच निकाल!

मग जुना कागद शोधून काढला. शाई फिकट झालीय, पण वाचता येतं. तिथेही ११५-११३, हॅगलर. धाकट्याने दोन्ही शेजारी ठेवले आणि काही न बोलता बोटाने चौकटी दाखवत गेला. जुन्या कागदावर तिसरी आणि चौथी फेरी हॅगलरची, सहावी आणि बारावी लेनर्डची. आजच्या कागदावर तिसरी, चौथी लेनर्डची. सहावी, बारावी हॅगलरची. बारातल्या चार चौकटी उलट्या, आणि बेरीज तीच.

मामा म्हणाले, "म्हणजे तुझं बरोबरच होतं की!" त्यांना ते खरंच वाटत होतं.

वहिनीचं कार्ड ११६-११२, लेनर्ड.

१६ मार्च

एकटाच बसून चौथी फेरी पुन्हा पाहिली. जुन्या कागदावर मी ती हॅगलरला दिली होती आणि समासात एक शब्द लिहिला होता, 'नाटकी'.

तो शब्द कशासाठी ते आज कळलं. फेरीत एकदा लेनर्ड उजवा हात चक्राकार फिरवतो, लहान मुलं चिडवताना फिरवतात तसा, आणि तोच हात खालून हॅगलरच्या पोटात घालतो. मी थांबवून, मागे घेऊन पाहिलं. ठोसा बसलाय. चांगला बसलाय, पट्ट्याच्या वर, मधोमध. हॅगलर क्षणभर थबकतो. तेव्हा मला फक्त हात फिरवणं दिसलं होतं.

२२ मार्च

यादी झाली नाही. मामांच्या यादीत अली-फ्रेझर पहिलीच राहिली, फक्त पुढचं वाक्य बदललं. धाकट्याला क्रमांक हवेत, मला ते आता लावता येत नाहीत. वहिनी म्हणते, आणखी दहा लढती होऊ द्या.

हॅगलरचे दोन्ही कागद एकाच फायलीत लावले. पुढच्या शनिवारी होम्स-नॉर्टन, ९ जून १९७८. पंधरा फेऱ्या, तिन्ही कार्डांवर एकेका गुणाचा फरक. कोण जिंकलं ते वहिनीला सांगायचं नाही, असं मामांना दोनदा बजावलंय.